सल्ला हवा: यूकेच्या नर्सिंग नोंदणीसाठी आयईएलटीएस की ओईटी? बजेट २५ हजार

नांदेडची_सिस्टर
नमस्कार लोकहो. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), आयसीयूचा सहा वर्षांचा अनुभव. यूकेच्या एनएमसीकडे (तिथली नर्सिंग परिषद) नोंदणी करायची आहे, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा: आयईएलटीएस (सर्वसाधारण) किंवा ओईटी (आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची). शाळा मराठी माध्यमाची. वाचन बरे आहे, बोलणे जेमतेम, आणि लिहिताना इंग्रजीतला 'अ' कुठे नि 'द' कुठे इथे गाडी अडते. बजेट सगळे मिळून २५ हजार: फी, पुण्याला जाणे-येणे, पुस्तके. क्लास परवडणार नाही आणि नाइट ड्यूटीमुळे जमणारही नाही. हाताशी तीन महिने. कोणती परीक्षा? कॉम्प्युटरवर की कागदावर? एजंट म्हणतो 'यूकेव्हीआय'वालीच (यूकेच्या व्हिसा खात्यासाठीची) आयईएलटीएस लागते, ते खरे का?

ओईटीच_घ्या
डोळे झाकून ओईटी. नर्सने आयईएलटीएस देणे म्हणजे घरची विहीर सोडून टँकर मागवणे. तिथे नदीतले प्रदूषण नाहीतर मधमाश्यांच्या वसाहती यांवर उतारे येतात. ओईटीत डिस्चार्ज, ड्रेसिंग, इन्सुलिन. रायटिंगमध्ये निबंध नाही, केस नोट्सवरून पत्र लिहायचे, १८० ते २०० शब्द. स्पीकिंगमध्ये दोन रोल-प्ले, प्रत्येकी पाच मिनिटांचे, तुम्ही नर्स आणि समोरचा पेशंट किंवा नातेवाईक. हेच तुम्ही रोज करता.

बँड_साडेसात
ताईंनी बजेट २५ लिहिले आहे. ओईटीची फी तीस हजारांच्या वर, त्यात पुण्या-मुंबईचा प्रवास वेगळा. आयईएलटीएस अठरा हजारांच्या घरात बसते. आकडे वाचून सल्ला द्या की राव.

आता एनएमसीला काय लागते ते. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक: लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग प्रत्येकी ७ बँड (९ पैकी गुण), रायटिंग ६.५, आणि एकूण ७. 'एकूण' पाहून लोक घाबरतात, पण हिशेब करा: ७+७+७+६.५ भागिले ४ म्हणजे ६.८७५, आणि सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, म्हणजे ७. चारही जागी किमान मिळाले की एकूण आपोआप सुटते. ओईटीत पहिल्या तिन्हींत बी, म्हणजे ३५०, आणि रायटिंगला सी प्लस, म्हणजे ३००.

पीटीई_पंखा
दोन्ही सोडा, पीटीई द्या, तीही इंग्रजीचीच परीक्षा. बहुतेक मशीनच तपासते, साहेबाचा मूड वगैरे भानगड कमी. निकाल दोन दिवसांत. फक्त लक्षात ठेवा, बोलताना तीन सेकंद गप्प राहिलात की माइक बंद, पुढचे काही रेकॉर्ड होत नाही.

बँड_साडेसात
पंखा, एनएमसी फक्त आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक आणि ओईटी घेते. पीटीईत ९० पैकी ९० आणले तरी इथे उपयोग शून्य.

पीटीई_पंखा
ऑस्ट्रेलियाला चालते.

बँड_साडेसात
ताई ऑस्ट्रेलियाला चालल्या नाहीत.

राइनकाठचा_मावळा
अवांतर: यूके कशाला? जर्मनीला नर्स हव्याच आहेत. महाराष्ट्र शासनाचा बाडेन-व्युर्टेम्बर्गशी २०२४ चा करार आहे. बी२ जर्मन (सहा पायऱ्यांपैकी चौथी) करा, मॅक्स म्युलर भवनात शिकवतात. इंग्रजीची कटकटच नाही.

ओईटीच_घ्या
शून्यापासून बी२ जर्मन तीन महिन्यांत, तेही नाइट ड्यूटी सांभाळून? मावळ्या, जरा दमाने.

लाल_पेन
दोन्ही परीक्षांचे रायटिंग शिकवायचे म्हटले तर ओईटी 'सोपी' नाही, वेगळी आहे. पत्र सहा निकषांवर तपासतात. पहिला निकष हेतू: पत्र का लिहिले ते पहिल्याच परिच्छेदात कळले पाहिजे. दुसरा आशय, आणि खरी मेख त्यात आहे. केस नोट्समध्ये पंधरा-वीस गोष्टी दिलेल्या असतात, त्यांतल्या निम्म्या वाचणाऱ्याला नकोच असतात. घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला पत्र असेल तर दहा वर्षांपूर्वीचे अपेंडिक्स कशाला? आपल्याकडच्या सिस्टर सगळे उतरवतात, कारण हँडओव्हरला काही सुटले तर बोलणी खावी लागतात. इथे उलट, अनावश्यक लिहिले की मार्क जातात.

त्यात आपले हॉस्पिटलचे इंग्रजी. 'टुडे मॉर्निंग' नाही, 'धिस मॉर्निंग'. 'पेशंट एक्स्पायर्ड' नाही, 'डाइड'. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' तर अजिबात नको, काय करायचे ते सांगा: टाके दहाव्या दिवशी काढा, साखर रोज दोनदा तपासा. 'बीडी', 'टीडीएस', 'एसओएस' ही औषध कधी घ्यायचे त्याची लघुरूपे, वाचणारा नर्स नसेल तर, पूर्ण शब्दांत. नोट्समधली वाक्ये जशीच्या तशी उचलली तर व्याकरण तुटते, कारण नोट्समध्ये क्रियापदेच नसतात.

आयईएलटीएसचे वेगळे. साठ मिनिटांत दोन कामे: आलेख किंवा तक्त्याचे वर्णन किमान १५० शब्द, निबंध किमान २५० शब्द. निबंधाचे वजन दुप्पट. लोक आलेखावर अर्धा तास घालवतात आणि निबंधाचा शेवट खरडतात. वीस-चाळीस हीच वाटणी ठेवा. ६.५ साठी मोठे शब्द लागत नाहीत. प्रश्नात दोन बाजू विचारल्या असतील तर दोन्ही लिहा, स्वतःचे मत विचारले असेल तर सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरे असे करू नका. 'अ' नि 'द' चुकल्याने वाचताना अडखळायला होत नसेल तर ६.५ मिळू शकते. काळ चुकला तर मात्र अर्थच बदलतो, तिथे जास्त घासा.

वाचनवेडा४०
+१ लाल पेन. रीडिंगला ९ असल्याने दोन शब्द. तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटे. ७ बँडला साधारण ३० बरोबर लागतात, पेपरनुसार एखाददुसरे इकडे-तिकडे. 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांत सगळे मरतात. उतारा विधानाच्या उलट सांगत असेल तर फॉल्स, त्याबद्दल बोलतच नसेल तर नॉट गिव्हन. आपल्याला बाहेरून माहीत असलेले डोक्यातून काढा. नर्सला आरोग्यावरच्या उताऱ्यात हेच नडते: मनातले उत्तर बरोबर, पण उताऱ्यात ते लिहिलेलेच नाही.

मिरजकर_सर
कागदावरच द्या. कॉम्प्युटरवर डोळे दुखतात आणि शेजारचा माणूस टकटक करत असतो.

बँड_साडेसात
सर, कागदावरची सोय सगळीकडे मिळत नाही, आणि कॉम्प्युटरवर शब्द आपोआप मोजले जातात, वाक्य खोडून मध्ये घुसवता येते, निकाल काही दिवसांत येतो. तोटा एकच. कागदावर लिसनिंगनंतर उत्तरे उतरवायला दहा मिनिटे मिळतात, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त दोन. म्हणजे स्पेलिंग ऐकता ऐकताच बरोबर टाइप झाले पाहिजे.

मिरजकर_सर
म्हणजे दहा मिनिटे गेली की नाही? तेच म्हणतोय.

बँड_साडेसात
कॉम्प्युटरवर उतरवायचेच काय? थेट टाइप केलेले असते.

शुद्धलेखन_प्रेमी
लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकले की मार्क शून्य, अर्धा वगैरे नाही. ब्रिटिश नि अमेरिकन दोन्ही चालतात. सगळी उत्तरे कॅपिटलमध्ये लिहिली तरी चालते, नावांची चिंता मिटते. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असे लिहिले असेल आणि तीन लिहिले तर बरोबर उत्तरही चूक. अनेकवचनाचा 'एस' ऐका, मराठी कानाला तो हमखास निसटतो. ध्वनिफीत एकदाच लागते, हे दोन्ही परीक्षांत.

तुळजा_आक्का
ओईटी बरी गं बाई. शिवाय क्लास लावच, पंधरा-वीस हजार जातात पण हात धरून करून घेतात.

बँड_साडेसात
आक्का, ओईटी अधिक क्लास म्हणजे पन्नास हजार झाले.

तुळजा_आक्का
तिकडे पगार पाउंडात मिळतो, तिथे पन्नास हजाराचे काय घेऊन बसलास?

अनामिक_मुसाफिर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नांदेडची_सिस्टर
सगळ्यांचे आभार. यूकेव्हीआयचे राहिलेच. आणि एक नवी अडचण: पासपोर्टवर सासरचे नाव, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीवर माहेरचे. परीक्षा कोणत्या नावाने?

कागदपत्र_काका
परीक्षा पासपोर्टवरच्या नावानेच. आडनाव नि दिलेले नाव हे रकाने पासपोर्टवर जसे छापले आहेत तसेच भरा, मधले नाव स्वतःच्या मनाने पुढे-मागे करू नका. ज्या पासपोर्टच्या क्रमांकावर फॉर्म भरला तोच मूळ पासपोर्ट परीक्षेला न्यायचा, झेरॉक्स किंवा आधार चालत नाही. म्हणून नूतनीकरण करायचे तर आधी करा, नाहीतर परीक्षेनंतर. परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाची असेल तर दोन नावे जोडायला विवाह प्रमाणपत्र लागेल. ते आत्ताच काढून ठेवा, आणि इंग्रजीत हवे.

यूकेव्हीआयचे: एजंट चूक सांगतोय. एनएमसीने मान्य केलेली इंग्रजी परीक्षा पास झालेल्या नर्सला व्हिसासाठी इंग्रजी पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. साधी आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक पुरते. यूकेव्हीआयवाली महाग पडते आणि तुमच्या कामाला जास्तीचे काही देत नाही. आयईएलटीएसचा दुसरा प्रकार, जनरल ट्रेनिंग, मात्र चुकूनही भरू नका, एनएमसी ती घेत नाही. आणि एजंट तुमच्याकडून नोकरी लावण्याचे पैसे मागत असेल तर सावध: परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी यूकेची आचारसंहिता आहे, तिच्यानुसार उमेदवाराकडून फी घेता येत नाही.

ओईटीच_घ्या
काका, सगळे बरोबर, पण आयईएलटीएस एकदा नापास झाली की पुन्हा अठरा हजार. दोन फेऱ्यांत ओईटीपेक्षा महाग. हा हिशेब कोणी मांडत नाही.

बँड_साडेसात
मांडतो. एनएमसी दोन फेऱ्यांचे गुण एकत्र धरते. अट अशी की दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत हव्यात, दोन्ही वेळा लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ६.५ च्या खाली नको, रायटिंग ६ च्या खाली नको, आणि दोन्ही मिळून प्रत्येक भागात लागणारा आकडा कुठेतरी आलेला हवा. म्हणजे पहिल्या फेरीत रीडिंग ६.५ वर अडकले आणि रायटिंग ६.५ मिळाले, तर दुसऱ्या वेळी भर रीडिंगवर द्यायचा, रायटिंग ६ झाले तरी चालते. 'वन स्किल रिटेक' नावाची सोयही आहे, कॉम्प्युटरवर दिलेल्यांनाच, एकच भाग पुन्हा. पण ती प्रत्येक संस्था घेतेच असे नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी एनएमसीच्या पानावर वाचा.

आणि पुढचा खर्च विसरू नका. एनएमसीची पात्रता तपासणी १४० पाउंड, कॉम्प्युटरवरची नर्सिंगची परीक्षा, सीबीटी, ८३ पाउंड. ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा यूकेत, ७९४ पाउंड, तिचा भार बऱ्याचदा मालक उचलतो. नोंदणी १५३ पाउंड. सगळे पैसे इंग्रजीवरच उधळू नका.

लाल_पेन
क्लास नको असेल तर असे करा. पहिल्या रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण जुनी प्रश्नपत्रिका, मध्ये थांबणे नाही. लिसनिंग आणि रीडिंग ४० पैकी २४ च्या खाली असेल तर तीन महिने पुरणार नाहीत, २७-२८ असेल तर पुरतात. मग चुकांची वही: प्रश्नाचा प्रकार, काय लिहिले, बरोबर काय, का चुकले. 'का'चा रकाना रिकामा राहिला तर बाकीची वही रद्दी. स्पीकिंगसाठी फोनवर दोन मिनिटे रेकॉर्ड करा, आणि 'व्ही'ला ओठ-दात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू, एवढे एक सुधारा. बोलण्याआधी मिळणाऱ्या एका मिनिटाच्या तयारीत वाक्ये लिहू नका, चार शब्द लिहा. पाठ केलेले उत्तर परीक्षकाला दुसऱ्या वाक्यात कळते. निबंध आठवड्याला दोन, पण ज्याला इंग्रजी येते अशा कोणाकडून तपासून घ्या, नाहीतर त्याच चुका चोवीस वेळा गिरवाल. सलग तीन पेपरांत ३१-३२ आले की मगच तारीख घ्या.

वाचनवेडा४०
वाचनखूण साठवली.

नांदेडची_सिस्टर
आज नाइट उतरल्यावर पेपर सोडवला. लिसनिंग २९, रीडिंग २६. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक, कॉम्प्युटर, पुणे, पाच आठवड्यांनंतरची तारीख घेतली, पैसे भरले. लाल पेन रागावतील, पण तारीख नसेल तर ड्यूटी आणि घर यांत माझा अभ्यास होत नाही हे मला पक्के माहीत आहे. क्लास नाही. रीडिंग पहिल्या फेरीत ६.५ आले तरी पुढचे बारा महिने हातात आहेत. ओईटीवाल्यांनी रागावू नये, बजेट खरंच २५ च आहे.

ओईटीच_घ्या
पाच आठवडे! रीडिंग २६! तारीख पुढे ढकलता येते का बघा, नियम वाचा, त्याचे पैसे जातात.

लाल_पेन
बरं. मग रीडिंगचा तिसरा उतारा आजपासून रोज एक, वीस मिनिटांत. पहिले दोन सोडून द्या.

पीटीई_पंखा
पीटीईची तारीख दोन दिवसांत मिळाली असती.

शुद्धलेखन_प्रेमी
पाण्याची बाटली पारदर्शक न्या आणि तिच्यावरचा कागद काढून टाका.