लाकडी प्रोपेलर उभा धरूनही तपासावा

मॉडेल विमानाच्या प्रोपेलरचा तोल साधताना तो भोकातून घातलेल्या दांड्यावर टांगावा, जड पात्याचे टोक घासावे आणि तो आडवा स्थिर राहिला की काम झाले, असे काही जण म्हणतात; ते मत मला अर्धेच पटते. तसा तोल साधलेला माझा ११ × ६ चा (११ इंच व्यासाचा, एका फेरीत तत्त्वतः ६ इंच पुढे सरकणारा) लाकडी प्रोपेलर उभा धरून सोडला, तेव्हा तो दर वेळी एकाच बाजूला कलंडत होता. म्हणजे पाती समान होती, पण मधल्या गाभ्याची एक बाजू जड होती. भोकाला आणि बसणीच्या सपाट पृष्ठभागाला हात न लावता त्या बाजूच्या कडेचे थोडे लाकूड पॉलिशपेपरने काढले, तेव्हा कुठे तो सोडू त्या कोनात थांबू लागला.

पात्यांच्या बाबतीत मात्र घासण्याऐवजी हलक्या पात्यावर लॅकरचा पातळ हात देणे मला अधिक योग्य वाटते, कारण घासल्याने पात्याचा आकार बदलतो आणि उघडे पडलेले लाकूड पावसाळ्यात ओलावा शोषून घेते. लॅकर वाळताना हलके होते, म्हणून शेवटची तपासणी ते पूर्ण वाळल्यावरच करावी. अक्षापासून १२ सेंटिमीटरवर उरलेला ०.१ ग्रॅमचा फरकसुद्धा मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या वेगाने सुमारे १३ न्यूटन, म्हणजे सव्वा किलोहून अधिक वजनाइतकी ओढ निर्माण करतो, आणि ती ओढ इंजिनाच्या बेअरिंगला सेकंदाला १६० हून अधिक वेळा चहूबाजूंनी हिसके देत राहते.