मदत हवी आहे : झ्विफ्टवर पहिली रेस करायची आहे

नमस्कार मंडळी. पावसामुळे पुण्यात सिंहगडाची फेरी बंद, म्हणून सायकल हॉलमधल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) चढवली आहे. झ्विफ्ट म्हणजे घरबसल्या आभासी रस्त्यांवर सायकल चालवायचं ॲप; त्यातल्या वॉटोपिया या काल्पनिक बेटावर निवांत फिरणं जमतंय, आता रेसची खुमखुमी आली आहे.

रॅम्प टेस्ट दिली. दर मिनिटाला 20 वॉट वाढतात आणि शेवटी पाय सरळ संपावर जातात! एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद) 165 वॉट आली, वजन 74 किलो. म्हणजे किलोमागे साधारण 2.2 वॉट. जुन्या हिशेबाने हा ए ते डी मधला शेवटचा, डी गट. पण बऱ्याच रेस आता रेसिंग स्कोअरवर (ताकद आणि रेसचे निकाल यांवरून मिळणारे गुण) गट पाडतात. नवख्याने यातलं काय निवडावं?

खरी धास्ती सुरुवातीची आहे. काउंटडाउन संपताच जो तो सुसाट सुटतो, आणि तेव्हा घोळका हातचा गेला की ड्राफ्टही (इतरांच्या मागे राहून वाचणारे कष्ट) गेला. मग एकट्यानेच रेटायचं. शून्य व्हायच्या आधीच जोर लावून ठेवायचा का? आणि वॉर्म-अप किती वेळ करता?

ट्रेनर डिफिकल्टी (चढ पायाला किती जाणवावा याचं सेटिंग) 50 टक्क्यांवर आहे. कमी केली तर चढ पायाला सौम्य लागतो, पण वेग वॉटवरच ठरतो हे कळलं. तरी रेसमध्ये तुम्ही किती ठेवता?

हार्ट रेटचा पट्टा आहे. पंखा एकच, तोही टेबलफॅन, हँडलची टेप घामाने चिंब होते. खालच्या काकूंसाठी जाड रबरी मॅट टाकली आहे, तरी रात्री उशिरा धडधड नको वाटते. युरोपातल्या संध्याकाळच्या रेस नेमक्या आपल्या झोपेच्या वेळी येतात. सकाळी सहा-सातला बऱ्यापैकी गर्दीची, छोटी, सपाट रेस कुणी सुचवेल का?