मदत हवी आहे: जेल शिफ्टमध्ये मूळ ऑपरेटर आणि म्युटंट, दोन्ही सारखेच बांधले जातायत

केळफूल:
एमएस्सीच्या डिसर्टेशनसाठी ई. कोलाय जिवाणूच्या लॅक रिप्रेसरवर, म्हणजे लॅक्टोज पचवणारी जनुकं बंद ठेवणाऱ्या प्रथिनावर, जेल शिफ्ट (ईएमएसए) करतेय. प्रथिन बसलं की डीएनए जेलमध्ये हळू सरकतो आणि त्याचा बँड वर राहतो. ओ१ ऑपरेटरमधला (रिप्रेसर डीएनएच्या ज्या क्रमावर बसतो त्यातला) एक बेस बदलला की रिप्रेसरची पकड सैल होते, एवढंच दाखवायचंय. पण मूळ ओ१ आणि म्युटंट (बेस बदललेला), दोन्हींचा बँड प्रथिनाच्या त्याच मात्रेला वर जातो. कितीदा केलं तरी तेच. ओलिगोंचा (मागवलेल्या छोट्या डीएनए तुकड्यांचा) क्रम तपासलाय, प्रथिन शुद्ध आहे. सोमवारी गाइडना जेल दाखवायचंय. कृपया "पेपर वाच" असं सांगू नका, वाचलेत. लवकर सांगा कोणीतरी.

सह्यकडा:
नेमका कुठला बेस बदललास? बफरमध्ये मीठ किती? डीएनए किती घेतेस? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस, सांगणार कसं?

दूधसागर९:
ईएमएसए सोडून द्या. जेलमध्ये घातल्यावर समतोल मोडतो, काही गुंते चालताना सुटतात. फ्लुओरेसन्स ॲनिसोट्रॉपी करा, म्हणजे प्रथिन बसलं की चकाकणाऱ्या डीएनएचं गिरकणं किती मंदावतं ते द्रावणातच मोजा. आम्ही तीन तासांत पूर्ण वक्र काढायचो.

केळफूल:
ते यंत्र आमच्या विभागात नाही. बफर नेहमीचंच आहे, ट्रिस, पोटॅशियम क्लोराइड, ग्लिसरॉल वगैरे. बदल उजव्या अर्ध्यात केलाय.

मोरपीस:
अल्फाफोल्ड ३ मध्ये (रचनेचा अंदाज बांधणारं एआय) प्रथिन आणि दोन्ही डीएनए टाक. पाच मिनिटांत कळेल कुठला बांधतो ते. हल्ली ओल्या प्रयोगांवर इतका वेळ का घालवायचा?

सह्यकडा:
@मोरपीस, त्यातून रचना मिळते. ओ१ पेक्षा म्युटंट किती पट सैल, हे त्या चित्रावरून ठरत नाही. दोन्हीसाठी जवळपास सारखंच छान चित्र येईल.
@केळफूल, उजवा अर्धा मुळातच कमकुवत आहे. ओ१ सममित नाही. डाव्या अर्ध्यात जीटीजीएजीसी आहे, तर समोरच्या धाग्यावरून वाचल्यास उजव्यात जीटीटीएटीसी. डावा अर्धा घेतला, त्याचंच प्रतिबिंब उजवीकडे जोडलं आणि मधली एक जोडी काढली, तर जो कृत्रिम ऑपरेटर मिळतो तो ओ१ पेक्षाही साधारण दहापट घट्ट बांधतो. निसर्गातला ओ१ हा सगळ्यात घट्ट क्रम नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मला ही गोष्ट फार आवडते. डावीकडच्या टीजीटीजीए मध्ये बदल करून बघ, परिणाम मोठा दिसेल.

नेटची_तयारी:
यावर नेट-जेआरएफला प्रश्न येतो! खरा इंड्यूसर (रिप्रेसरची पकड सोडवणारा रेणू) लॅक्टोज नसून ॲलोलॅक्टोज. लक्षात ठेवा. आणि सीएपी (लॅक जनुकांना चालना देणारं प्रथिन) बसायला सायक्लिक एएमपी लागतं.

केळफूल:
@नेटची_तयारी, तो माझा प्रश्नच नाहीये.
@सह्यकडा, ओलिगो परत मागवायला वेळ नाही. आहे त्यातच काही होईल का?

मिलरबाई:
बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा (लॅक जनुकापासून बनणाऱ्या एन्झाइमचा) मिलर अॅसे कर. ओएनपीजी घाल, एन्झाइम ते तोडून जो पिवळा रंग देतं तो मोज, झालं. शेवटी पेशीत काय घडतं तेच महत्त्वाचं, नळीत काय घडतं ते नव्हे. क्रमाचा परिणाम जिवंत जिवाणूतच दाखवावा.

दूधसागर९:
@मिलरबाई, पेशीत नुसता क्रमाचा परिणाम सुटा दिसतच नाही. आणखी दोन ऑपरेटर आहेत: ओ१ च्या वर ९२ बेस-जोड्यांवर ओ३ आहे आणि खाली ४०१ जोड्यांवर, लॅकझेडच्या (त्याच एन्झाइमच्या जनुकाच्या) आतच, ओ२. रिप्रेसर चार एककांचा, म्हणजे त्याला डीएनए धरायचे दोन हात. एका हातात ओ१, दुसऱ्यात ओ२ किंवा ओ३, आणि मधल्या डीएनएचा फास. १९९० साली म्युलर-हिल यांच्या गटाने दाखवलं की ओ२ किंवा ओ३ पैकी एकच मोडला तर जनुकावरचं दडपण दोन-तीन पटच कमी होतं, दोन्ही मोडले तर ५० पटींहून जास्त. ओ१ ला हातही न लावता! मग तुमच्या पिवळ्या रंगातून एका बेसची किंमत कशी वेगळी काढणार?

मिलरबाई:
ओ२, ओ३ नसलेला रिपोर्टर (मोजणीसाठी मुद्दाम बांधलेलं जनुक) घ्यायचा. इतकं साधं आहे. आणि पेशीत रिप्रेसरची जेमतेम दहाएक चौकड्या (चार-चार एककांचे संच) असतात, समोर ४६ लाख जोड्यांचा डीएनए. त्या गर्दीत योग्य जागा ओळखणं, हीच तर या विषयातली खरी गंमत आहे. नळीत ती दिसते का?

दूधसागर९:
तिला सोमवारी जेल दाखवायचंय. रिपोर्टर बांधायला महिना जाईल.

जुनी_फिल्म:
अगं, तुझ्याकडे डीएनए किती नॅनोमोलर आहे ते आधी सांग. सह्यकडाने पहिल्याच प्रतिसादात विचारलंय, तू तेच टाळते आहेस. आणि कशाने रंगवतेस?

केळफूल:
टाळत नाहीये काका, महत्त्वाचं वाटलं नाही. डीएनए ४० नॅनोमोलर, सायबर गोल्ड या डीएनए-रंगाने रंगवते. त्याहून कमी घेतला तर बँड दिसत नाही. पोटॅशियम क्लोराइड ५० मिलिमोलर. अजून एक, १ मिलिमोलर आयपीटीजी (रिप्रेसरची पकड सोडवणारं रसायन) घातलं तरी ओ१ चा बँड पूर्ण सुटत नाही. म्हणून गाइडना शंका आहे की प्रथिनच खराब झालंय.

जुनी_फिल्म:
प्रथिन उत्तम आहे. अडचण डीएनएच्या मात्रेत आहे.
ओ१ साठी या रिप्रेसरचा वियोजन स्थिरांक (पकड जितकी घट्ट तितका हा आकडा लहान) १० पिकोमोलरच्या, म्हणजे ०.०१ नॅनोमोलरच्या आसपास धर. तुझ्या ५० मिलिमोलर मिठात तो याहूनही घट्ट असणार, कारण मीठ कमी तशी पकड जास्त. तुझा म्युटंट ५० पट सैल आहे असं समज. तरी तो अर्धा नॅनोमोलर. आणि नळीत डीएनए आहे ४० नॅनोमोलर. म्हणजे जितकं प्रथिन घालशील तितकं सगळंच्या सगळं बांधलं जाणार, मूळ असो वा म्युटंट. तू प्रथिनाची मोजदाद करते आहेस, पकड मोजतच नाहीयेस. पकड मोजायची तर डीएनए स्थिरांकापेक्षा बराच कमी हवा.
आयपीटीजीचंही तेच. पकड हजारपट सैल झाली तरी १० नॅनोमोलर. तुझ्या मात्रांना त्यातही बँड थोडा राहणारच. उलट थोडा सुटतो, यावरून प्रथिन जिवंत आहे हे कळतं.
आम्ही यासाठी किरणोत्सारी फॉस्फरस-३२ वापरायचो. डीएनए पिकोमोलरमध्ये ठेवला तरी क्ष-किरण फिल्मवर बँड उमटायचा. हे तंत्र १९८१ मध्ये दोन गटांनी मांडलं, गार्नर-रेव्झिन आणि फ्रीड-क्रॉदर्स, आणि दोघांचाही डीएनए लॅकचाच होता. त्या आधी नायट्रोसेल्युलोजच्या गाळणीवर प्रथिन अडकवून मोजायचे. त्या दिवसांवर लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

मोरपीस:
फॉस्फरस-३२ आता कोण देणार एमएस्सीच्या मुलांना? परवाने, बॅज, वेगळी खोली.

जुनी_फिल्म:
ते वापर म्हणालोच नाही. सायबर गोल्डमध्येच भागेल असा मार्ग आहे. दोन्ही डीएनए एकाच नळीत टाक. ओ१ चा तुकडा लहान, म्युटंटचा मोठा, म्हणजे मोकळे बँड वेगळे दिसतील. दोन्ही समान मात्रेत, आणि प्रथिन दोघांना पुरणार नाही इतकंच. आता दोघांना त्याच मोजक्या प्रथिनासाठी झगडावं लागेल, एका ताटात दोन भुकेले बसल्यासारखं. ज्याचा मोकळा बँड आधी विरतो त्याची पकड घट्ट. यात ४० नॅनोमोलर असला तरी बिघडत नाही, कारण दोन पकडींचं गुणोत्तर मिळतं.

सह्यकडा:
काकांचं पटलं. दोन गोष्टी जोडतो. मीठ १५०-२०० मिलिमोलरवर ने आणि तासभर तरी ठेव. ओ१ वरून रिप्रेसर फार सावकाश सुटतो. घाई केलीस तर जो आधी सापडला तोच धरून बसेल आणि झगडा दिसणारच नाही. दुसरं, प्रथिन एककात मोजतेस की चौकडीत? एक चौकडी दोन ऑपरेटर धरू शकते, तेव्हा "पुरणार नाही इतकं" म्हणजे किती, हे त्यावर ठरेल.

केळफूल:
एककात मोजत होते. दोन लांबींचे तुकडे आहेत, पीसीआरने दोन्ही क्रम दोन्ही लांबींत काढता येतील. आज रात्रीच लावते.

दूधसागर९:
लांबीची अदलाबदल नक्की कर, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल. मोठ्या तुकड्यावर प्रथिनाला आडवंतिडवं चिकटायला जागा जास्त असते. पण आकडे हवे असतील तर शेवटी ॲनिसोट्रॉपीच.

केळफूल:
जेल झालं! २०० मिलिमोलर मीठ, दीड तास, दोन्ही एकाच नळीत. ओ१ चा मोकळा बँड आधी गेला, म्युटंटचा बराच वेळ राहिला. काका, सह्यकडा, खूप खूप आभार. लांबी बदललेलं जेल आत्ता चालू आहे. त्यात ओ१ मोठ्या तुकड्यावर असूनही आधी गेला तर सोमवारी दोन्ही जेल शेजारी ठेवते. हे गुणोत्तर आकड्यात मांडायचं तर बँडची घनता इमेजजे सॉफ्टवेअरने मोजून चालेल का?

जुनी_फिल्म:
चालेल. मोकळे बँडच मोज, वरचे नको. वरती एका चौकडीवर दोन डीएनए बसलेले गुंतेही असतील, त्यात कोण किती ते सुटं होणार नाही. आणि लांब तुकडा रंग जास्त धरतो, म्हणून प्रत्येक बँडला त्याच तुकड्याच्या प्रथिन नसलेल्या लेनने भाग.