मदत हवी आहे: युद्धनौका बाद का झाल्या? (अर्जंट, उद्या सकाळपर्यंत)

वैतागलेला_बाबा:
मंडळी, वेळ नाहीये म्हणून सरळ विचारतो. युद्धनौका बाद का झाल्या? "विमानं आली म्हणून" हे उत्तर चालणार नाही, ते देऊन झालंय. सकाळी साडेसातच्या आत हवंय.

मी_मालवणी:
बाद खंय झाल्यो? माझगाव डॉकात मग काय बांधतात, होड्या?

वैतागलेला_बाबा:
अहो त्या नाही हो. बॅटलशिप. जाड चिलखत, मोठ्या तोफा, जपानची यामातो वगैरे. मराठीत सगळ्यांनाच युद्धनौका म्हणतात त्याला मी काय करू.

चहाबाज:
कोणासाठी हवंय? आणि विमानं हे उत्तर कुणाला चालत नाही, कारण उत्तर तर तेच आहे. १० डिसेंबर १९४१ ला मलायाजवळ ब्रिटिशांच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स दोन्ही जपानी विमानांनी भर समुद्रात बुडवल्या, बंदरात झोपलेल्या नव्हे, चालत्या जहाजांना.

तोफखाना:
बाद झाल्याच नाहीत, खर्च झेपेना म्हणून बंद केल्या. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या मिसुरी आणि विस्कॉन्सिन या दोन बॅटलशिप होत्या, १६ इंची तोफा धडाडत होत्या. कुवेतच्या फैलाका बेटावरच्या इराकी सैनिकांनी विस्कॉन्सिनला घाबरून पांढरी फडकी दाखवली होती.

चहाबाज:
तोफखाना साहेब, फडकी दाखवली ती विस्कॉन्सिनच्या पायलट नसलेल्या विमानाला. म्हणजे परत विमानच.

तोफखाना:
मागे तोफा होत्या म्हणून दाखवली ना, पतंगाला कोण शरण जातं!!

कराचीचा_धूर:
विमानं नाही, क्षेपणास्त्रं. ४ डिसेंबर १९७१, आपल्या छोट्या मिसाइल बोटींनी कराचीसमोर पाकिस्तानची खैबर बुडवली. नौदल दिन त्याचाच. विषय संपला.

चहाबाज:
खैबर विनाशिका होती, बॅटलशिप नव्हे. १९७१ पर्यंत बॅटलशिपचा जमाना कधीच गेला होता, ब्रिटिशांनी शेवटची व्हॅनगार्ड १९६० मध्ये भंगारात काढली. क्षेपणास्त्रांनी मेलेल्याला मारलं.

होनोलुलूची_ताई:
मिसुरी आता पर्ल हार्बरला म्युझियम आहे, २ सप्टेंबर १९४५ चा शरणागतीचा करार तिच्याच डेकवर झाला. कोणी येणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारी डेक तापतो आणि पाण्याची बाटली ठेवा.

वैतागलेला_बाबा:
ताई मी नाशिकला आहे. ऐका, मुलगी नववीत, प्रोजेक्ट आहे. तिने लिहिलं की विमानं बॅटलशिप बुडवू शकतात म्हणून त्या बाद. बाईंनी खाली लाल पेनाने लिहिलं, "मग विमानवाहू नौकाही विमानांनी बुडतात, त्या बाद का झाल्या नाहीत?" आता बोला.

चहाबाज:
अहो मग हे आधी सांगायचं ना! बाईंचा प्रश्न भारी आहे. मिडवेच्या लढाईत जून १९४२ मध्ये जपानच्या चार विमानवाहू गेल्याच की. बुडते म्हणून कुठलं जहाज बाद होत नाही, त्याला समोरच्याला बुडवता येत नाही म्हणून होतं. यामातोच्या ४६ सेंटिमीटरच्या तोफा जास्तीत जास्त ४२ किलोमीटर मारायच्या आणि विमानवाहू नौका तीनशे किलोमीटरवरून विमानं सोडून मोकळी. तुम्ही कितीही मोठे पैलवान असा, समोरचा गल्लीच्या त्या टोकाहून दगड मारतोय तर करणार काय. जगातल्या सर्वात मोठ्या तोफा असून यामातोने शत्रूच्या जहाजांवर त्या एकाच लढाईत डागल्या, ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपीन्सच्या समार बेटाजवळ. ७ एप्रिल १९४५ ला ओकिनावाकडे निघाली तर साधारण दोन तासांत विमानांनी संपवली, अमेरिकेची फक्त १० विमानं गेली.

अडाणी_बोका:
यात भर. चिलखत तोफगोळ्यांसाठी असतं, टॉर्पेडो पाण्याखालून येतो. आधी यामातोच्याच जोडीच्या मुसाशीला दोन्ही बाजूंनी टॉर्पेडो बसले तर ती बराच वेळ सरळ तरंगत राहिली, म्हणून यामातोला बहुतेक सगळे डाव्या बाजूलाच मारले, की कलंडावी.

तोफखाना:
आणि फिलिपीन्सच्या सुरिगाव सामुद्रधुनीचं काय? २५ ऑक्टोबर १९४४, पहाटेच्या अंधारात अमेरिकन बॅटलशिपनी रडारवर नेम धरून जपानची यामाशिरो बुडवली, त्यातल्या काही तर पर्ल हार्बरमध्ये मार खाऊन दुरुस्त झालेल्या. तेव्हा तुमची विमानं कुठे होती?

चहाबाज:
झोपली होती, रात्री त्यांना नीट जमायचं नाही. पण नंतर बॅटलशिपविरुद्ध बॅटलशिप अशी लढाई परत झालीच नाही. शिवाय दीड हजारांवर माणसं एका जहाजावर, जेवायला घालून बसवायची कशासाठी? किनाऱ्यावर गोळे टाकायला त्या उपयोगी होत्या, तेवढं तुमचं मान्य.

वैतागलेला_बाबा:
पल्ल्याचा मुद्दा घेतला. गल्लीचा दगड पण घेतला, ती म्हणते बाईंना आवडेल.

मी_मालवणी:
ते सगळं ठीक, पण मग आपल्या माझगावच्या नव्या विनाशिकेवर मोठ्या तोफा किती?

अडाणी_बोका:
विशाखापट्टणमवर एक. ७६ मिलिमीटर. बाकी ब्रह्मोस.

तोफखाना:
एक!!