उपकारस्तुतीचा यज्ञ: मांस त्याच दिवशी का संपवायचे?

प्रश्न: बायबलमधील लेवीय या पुस्तकात (७:१५) उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या, यज्ञाचे मांस सकाळपर्यंत काहीच उरवू नका, असे आहे. नवसाच्या अर्पणाला मात्र दुसरा दिवस चालतो. हा फरक का?

उत्तर: कारण तिथे दिलेले नाही. पण सोबतच्या भाकरी बघा: तेलात मळलेल्या बेखमीर (न आंबवलेल्या) पोळ्या, तेल लावलेल्या पातळ चपात्या, तेलात मळलेल्या सपिठाच्या पोळ्या आणि चक्क खमिराची भाकर! प्रत्येकीतली एक रक्त शिंपडणाऱ्या याजकाला. एवढे एका दिवसात संपवायचे तर माणसे बोलवावीच लागणार. मला हेच खरे मर्म वाटते.

दुसरे उत्तर: खमिरावरून गोंधळ नको. लेवीय २:११ मधली खमिराची मनाई वेदीवर जाळण्यापुरती आहे. ही भाकर खाण्यासाठी. स्तोत्र ११६:१७-१९ सोबत वाचा, तिथेही आभार सर्व लोकांसमोरच मानलेले आहेत.