खोताच्या वाडीला लागून टॉवर येतोय, हरकत कशी लिहायची?

ओट्यावरून:
गिरगावातल्या खोताच्या वाडीत आमचं घर आहे. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतो. सासऱ्यांच्या आजोबांपासूनचं लाकडी घर, पुढे ओटा, वर जायला बाहेरून जिना. आमच्या मागच्या भिंतीला लागून एक जुनी चाळ आहे. तिचा पुनर्विकास ठरलाय. लावलेल्या बोर्डावर उंच टॉवर दिसतो, खालचे कितीतरी मजले नुसते पार्किंगचे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन तुकड्या-तुकड्यांनी आमच्या लोकांना विकली, तेव्हापासून ही वाडी. एके काळी ६५ घरं होती म्हणतात, आता तिसाच्या आत आली आहेत. वाडी वारसा परिसरांच्या यादीत आहे, तरी आकडा उतरतोच आहे. दर वेळी ऐकायला मिळतं, एकच तर घर गेलं.

मला सगळ्यात जास्त भीती पायाची आहे. आमचे सागवानी खांब दगडी जोत्यावर उभे आहेत, खाली काँक्रीट नाही. शेजारी तळघरासाठी खोल खणलं, पाणी उपसलं तर जोतं बसेल. दुसरं उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये बाटलीत भरून ठेवायच्या आमच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या आम्ही घरीच वाळवतो, आणि आमच्याकडे ऊन येतं ते दुपारनंतर, त्या चाळीच्याच बाजूने. हरकत लिहायला बसले की हेच सगळं कागदावर उतरतं. पण असा कागद कोणी वाचेल का? आणि चाळीतले लोक आमच्या रोजच्या उठण्याबसण्यातले आहेत, त्यांच्याशी वैर न घेता हे कसं करायचं?

नकाशा आधी:
ताई, मी बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात पालिकेच्या फाइली हाताळल्या आहेत. आधी वारसा परिसराची हद्द नकाशावर बघा. तो प्लॉट हद्दीच्या आत आहे की बाहेर, यावर तुमचा अर्धा अर्ज ठरतो. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, ती विकास नियंत्रण नियमावलीचाच भाग आहे. पण यादीतलं घर आणि यादीबाहेरचा शेजारचा प्लॉट यांना एकच नियम लागत नाही. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत असेल, तर पुनर्विकास बहुधा त्याच नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली असेल. त्यात चटईक्षेत्र, म्हणजे बांधता येणारं एकूण क्षेत्रफळ, भरपूर मिळतं आणि उंची तिथूनच येते.

माहिती अधिकारात आयओडी (पालिकेची अटींसह मंजुरी), सीसी (काम सुरू करायचा दाखला), मंजूर नकाशे आणि अग्निशमन दलाची एनओसी (ना-हरकत) मागा. उंच इमारतीला समोरचा रस्ता किती रुंद हवा, हे नियमात ठरलेलं असतं. नकाशात दाखवलेली रुंदी आणि जागेवरची रुंदी टेप लावून ताडून बघा. टेप धरलेले फोटो जोडा. बंबाची गाडी कुठवर येते आणि कुठे अडते, तेही लिहा.

पायासाठी एक काम आजच करा. घरातल्या प्रत्येक भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. भेग हलली की काच तडकते. मेट्रो-३ चे बोगदे गिरगाव-काळबादेवीखालून गेले तेव्हा जुन्या इमारतींवर मोजमापाची यंत्रं बसवली होती. मग इथेही खोदाईआधी शेजारच्या घरांची पाहणी आणि काम चालू असताना मोजमाप, हे बिल्डरवर अटीने घाला, अशी मागणी लेखी करा.

मागची बाजू, तिसरा मजला:
मी त्याच चाळीतली. वाईट मानू नका, पण माझंही ऐका. वीस बिऱ्हाडांना मजल्याच्या टोकाला चार संडास. सासूबाईंचा गुडघा गेलाय, रात्री त्यांना धरून न्यावं लागतं. पावसाळ्यात गॅलरीला टेकू लागतात. नियमाने निदान ३०० चौरस फूट आणि घरात संडास मिळणार म्हणून आम्ही सह्या केल्या. ५१ टक्के रहिवाशांची संमती एका रात्रीत झालेली नाही, त्यासाठी घरोघरी भांडणं झाली. तुमच्या वाडीचे फोटो काढायला लोक लांबून येतात, आमचा जिना कोण बघतो? तुमच्या हरकतीने काम अडलं तर ट्रान्झिट कॅम्पातल्या तात्पुरत्या खोल्यांत आम्हीच कुजणार.

ओट्यावरून:
वाईट कसं मानीन? तुम्हाला घर मिळायलाच हवं, माझ्या अर्जाचं पहिलं वाक्य तेच असेल. माझी हरकत तुमच्या ३०० फुटांवर नाही, त्याच्या वर बिल्डरचे बाहेर विक्रीचे जे मजले चढतात त्यांच्यावर आहे. तुमच्या सगळ्यांच्या पुनर्वसनाला किती मजले लागतात, हे तुम्हाला कोणी कागदावर दाखवलंय का?

मागची बाजू, तिसरा मजला:
नाही. मीटिंगमध्ये चित्रं दाखवली, आणि फ्लॅटचा नकाशा. मजल्यांचा हिशेब आम्ही मागितलाच नाही.

दादरकर:
हाच हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. २०१२ मध्ये शिवाजी पार्कचा परिसर वारसा यादीत घालायचं निघालं तेव्हा विरोधाला आमच्याच बिल्डिंगमधले लोक पुढे होते. आपली इमारत कायमची अडकणार, हीच सगळ्यांची भीती. जपणूक हवी म्हणणाऱ्यांनी आमच्या गळक्या गच्चीबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणून आम्हीही त्यांचं ऐकलं नाही. माझ्या मते ती दोघांचीही चूक होती. तुम्ही दोघी आत्ताच बोलताय तर अर्ज एकत्र करा. वाडीतल्यांच्या आणि चाळीतल्यांच्या सह्या एकाच कागदावर आल्या तर अधिकाऱ्याला तो बाजूला सारणं जड जाईल.

नकाशा आधी:
दादरकरांशी सहमत. उन्हाबद्दलही लिहा, पण शेवटी, आणि कोणत्या खोलीत किती वाजेपर्यंत ऊन येतं ते नोंदवून. पालिकेच्या वारसा समितीला प्रत वेगळी द्या, आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. चाळीतल्या ताईंनी सभासद भाडेकरू म्हणून करारनाम्याची प्रत आणि पुनर्वसनाचं क्षेत्रफळ लेखी मागावं.

मागची बाजू, तिसरा मजला:
रविवारी मीटिंग आहे. मी मागते. अर्जाचा मसुदा मला आधी वाचायला द्या, आमच्या ट्रान्झिटच्या भाड्याचाही मुद्दा त्यात घालायचा आहे.

ओट्यावरून:
शनिवारी संध्याकाळी घरी या, बसून लिहू.