आल्याची बिअर घरी पहिल्यांदा केलीत तेव्हा काय झालं? अनुभव सांगा

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला, आमच्या घरी, पहिल्यांदा आल्याची बिअर केली. नावात बिअर असली तरी यात ना सातू, ना हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं). आलं, साखर, लिंबू, पाणी, आणि आल्याच्या सालीवर आपसूक असलेलं यीस्ट, एवढंच. इंग्लंडात हे पेय 18व्या शतकापासून होत आलंय.

आधी विरजण लागतं. बरणीत 250 मिली पाणी घ्यायचं आणि रोज एक चमचा न सोललेलं, किसलेलं आलं आणि एक चमचा साखर घालत जायचं. पाणी विहिरीचं, उकळून गार केलेलं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टला सोसत नाही. हे विरजण तयार व्हायला 5 ते 7 दिवस लागतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्याकडे तिसऱ्या सकाळीच कीस वर तरंगत होता आणि झाकण सैल करताच फसफसून फेस वर आला. आंबोळीचं पीठ मे महिन्यात किती भराभर फुगतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. तोच अंदाज इथे धरायला हवा होता, पण मी दिवस मोजत बसले.

मग एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम साखर आणि आलं उकळून कोमट केलं, लिंबू पिळलं, अर्धी वाटी विरजण घातलं आणि काचेच्या बाटल्यांत भरून बुचं घट्ट लावली. दोन दिवस उलटले, तिसऱ्या रात्री दोन बाटल्या फुटल्या. फडताळाचं दार लावलेलं होतं म्हणून वाचलो, आत तळापासून वरच्या कप्प्यापर्यंत काचा होत्या. लहान मुलं असलेल्या घरात हे फार गंभीर आहे, म्हणून सगळ्यांत आधी तेच सांगते. पहिल्या वेळी काच वापरू नका.

तुमच्याकडे काय झालं? बिघडलं असेल तर तेही लिहा.

रत्नागिरीहून

ताई, मी पहिल्यापासून सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतो. वर चार बोटं जागा सोडायची आणि सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने दाबून बघायचं. बाटली दगडासारखी लागली की लगेच फ्रीजमध्ये. एप्रिल-मेमध्ये मला 24 तास पुरतात, थंडीत दोन दिवस. एकदा रात्रभर वीज गेली आणि फ्रीजमधल्या बाटल्या पुन्हा फुगायला लागल्या. थंडीने यीस्ट मरत नाही, नुसतं झोपतं. तेव्हापासून फ्रीजमध्ये ठेवल्या तरी चार दिवसांत संपवतो.

हर्णैहून

मी ऑकलंडला असताना खरी बिअर घरी केली आहे. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) अर्क, हॉप्स, यीस्ट, 23 लिटरचं पिंप. तिथे पिंप गॅरेजमध्ये 18 ते 20 अंशांवर आपोआप राहायचं. पहिली बिअर मित्रांनी आवडीने प्यायली आणि मला त्याचा आजही आनंद आहे. इथे परत आल्यावर मात्र तो नाद सोडला. परवान्याशिवाय मद्य करायला 1949च्या दारूबंदी कायद्याची मनाई आहे, आणि ती मी पाळतो. आल्याची बिअरसुद्धा जास्त दिवस आंबवली की मद्याकडे झुकते, तेव्हा एक-दोन दिवसांतच थांबवावी.

दुसरं म्हणजे उष्मा. बिअरचं नेहमीचं यीस्ट 30 अंशांच्या वर गेलं की उग्र, डोकं धरणारी चव देतं. पिंपाला ओलं फडकं गुंडाळून गार ठेवायची युक्ती मी इथे आल्याच्या बरणीवर करून पाहिली. घाटावर ती चालते, किनाऱ्यावर हवाच इतकी दमट की फडकं वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार? बरणी मी आता देवघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, सारवलेल्या जमिनीवर ठेवतो. घरातली तीच जागा सगळ्यांत गार.

मालवणहून

मी कोकमाची करून पाहिली. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलं आणि चार दिवस एक बुडबुडा नाही. आमची आजी म्हणाली, "अगो, आगळात मीठ कितक्या असता, त्येका फेस खयसून येतलो?" अगदी बरोबर. आगळ टिकतं ते मिठामुळे, आणि तेच मीठ यीस्टलाही अडवतं. पुढच्या वेळी ताजे रातांबे (कोकमाची फळं) फोडून, बिनमिठाचा रस, दुप्पट पाणी आणि साखर घेतली. दुसऱ्या दिवशी वर गुलाबी फेस. तो रंग उन्हात धरून बघावा असा होता. चव आंबट, जिभेला बारीक चिमटे काढणारी. आजीने पेलाभर घेतली आणि पुन्हा मागितली. यंदा रातांबे लागले की पहिली बाटली तिच्यासाठी.

गुहागरहून

पावसाळ्यात कुणी करतं का? माझ्या बरणीवर जुलैत हिरवी, केसाळ बुरशी आली. सगळं फेकून दिलं आणि बरणी उकळत्या पाण्यात घातली.

वेंगुर्ल्याहून

फेकलंत ते योग्यच केलंत, दादा. वर नुसता पांढरा, पातळ पापुद्रा आला तर मी तो काढून टाकते आणि वास बघते. केसाळ काही दिसलं तर सगळंच टाकायचं. पावसाळ्यात मी बरणीच्या तोंडाला कोरडं मलमलचं फडकं बांधते, रोज बदलते, आणि कीस पाण्याखाली राहावा म्हणून दिवसातून दोनदा कोरड्या चमच्याने ढवळते. या श्रावणात तेवढ्याने निभावलं.